मायलिन बनवणाऱ्या पेशी शिल्लक असतात, मग आवरण पूर्ण का भरून येत नाही?

मधला_भाऊ:

नमस्कार. प्रश्न जरा लांबलाय, समजून घ्या.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचा डावा डोळा तीन दिवसांत धूसर झाला. डोळा हलवला की मागून दुखायचं. ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेची सूज) निघालं आणि एमआरआयनंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं, म्हणजे एमएस, शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या मायलिनवरच हल्ला करते तो आजार. स्टेरॉइडनंतर नजर बरीचशी परत आली, तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ ती वाचते. पण लाल रंग त्या डोळ्याला विटलेला दिसतो, आणि गरम पाण्याने अंघोळ केली की पंधरा-वीस मिनिटं डोळ्यापुढे धुकं येतं. परवा व्हीईपी झाली, ती बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन बघायची तपासणी. पी-१००, म्हणजे दिसलेल्याचा संदेश मेंदूत पोचायला लागणारा वेळ, उजव्या डोळ्याचा १०२ मिलिसेकंद, डाव्याचा १३१.

डॉक्टर म्हणाले, "मायलिन गेलं होतं, थोडं भरून आलंय." बाहेर रांग होती, पुढे विचारायचं राहून गेलं. घरी येऊन वाचत बसलो. मायलिन म्हणजे नसेतल्या तंतूंवरचं आवरण, एवढं कळलं. मायलिन घालणाऱ्या पेशींच्या पूर्वपेशी मोठ्या माणसाच्या मेंदूतही असतात असं सगळीकडे लिहिलंय. मग काम अर्धवट का राहतं? आणि बेन बॅरेस हे नाव पुन्हा पुन्हा येतं. त्यांनी उंदरांच्या डोळ्याच्या नसेवर जे काम केलं, त्याचा माझ्या बहिणीच्या डोळ्याशी काय संबंध? मी वाणिज्य शाखेचा आहे, पण सावकाश सांगितलंत तर कळेल.

शुभ्रा_वाचते:

भाऊ, मला नऊ वर्षं एमएस आहे. अंघोळीच्या धुक्याचं तेवढं सांगते, कारण त्याने मी स्वतः फार घाबरले होते. तो नवा हल्ला नसतो. आवरण गेलेल्या तंतूत संदेश कसाबसा पुढे सरकत असतो. अंगाचं तापमान थोडं वाढलं तरी तो अडतो, अंग निवलं की पुन्हा सुरू होतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच हे नोंदवलं, म्हणून त्याला उथॉफचं लक्षण म्हणतात. ताईंना सांगा, पाणी कोमट घ्या आणि घाबरू नका. पेशींचं मात्र जाणकारांनी सांगावं.

काचेतल्या_पेशी:

मी याच पेशींवर पीएचडी केली आणि अजूनही त्याच वाढवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या बहिणीची जी नस दुखावली, तिच्यावरच हे सगळं संशोधन उभं राहिलं. डोळ्याच्या नसेत एकाही चेतापेशीचं शरीर नसतं. चेतापेशी डोळ्याच्या पडद्यात, आणि नसेतून जातात ते फक्त त्यांचे लांब तंतू. बाकी उरतात ग्लिया, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या पेशी: अ‍ॅस्ट्रोसाइट, मायलिन घालणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट आणि त्यांच्या पूर्वपेशी. मेंदूत दुसरीकडे इतका आटोपशीर संसार क्वचितच सापडतो. म्हणून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मार्टिन रॅफ यांनी ती नस निवडली, आणि १९८३ मध्ये त्यांच्या गटाला ती पूर्वपेशी तिथेच सापडली. शिवाय ही नस मेंदूचाच भाग आहे. हातापायांच्या नसांत मायलिन घालतात त्या श्वान पेशी, वेगळ्या जातीच्या. म्हणूनच एमएस डोळ्याची नस गाठतो आणि बोटांच्या नसा सोडून देतो.

बॅरेस आधी न्यूरॉलॉजीचे डॉक्टर होते, मग संशोधनाकडे वळले आणि रॅफ यांच्याकडे आले. तोवर अडचण अशी होती की या पेशी निखळ मिळतच नसत, सगळी सरमिसळ. बॅरेस यांनी त्यांना निवडून काढायची रीत बसवली. मी ती पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी शिकले. पेट्री डिशच्या तळाला अँटिबॉडीचा (ठरावीक पेशींनाच धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा) थर देऊन ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी ऊतक पॅपेनने सैल करायचं (पपईच्या चिकातलं विकर, तेच) आणि सुट्या झालेल्या पेशी पहिल्या डिशमध्ये ओतायच्या. नको त्या तळाला चिकटतात, उरलेलं द्रव दुसऱ्या डिशमध्ये. शेवटच्या डिशच्या तळाला हव्या त्या पूर्वपेशी बसतात. मग बाकीच्या धुऊन काढायच्या, सात-आठ वेळा, डिश हलक्या हाताने गोल फिरवत. धार जोरात पडली तर हव्या त्याही वाहून जातात.

पहिल्यांदा जमलं तो दिवस आठवतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन टोकांच्या, सुतासारख्या पेशी. पीडीजीएफ नावाचं वाढीचं प्रथिन असेपर्यंत त्या विभागत राहतात. ते काढून थायरॉइड संप्रेरक घातलं की तीन-चार दिवसांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या फुटतात आणि फांद्यांच्या मधे मायलिनचे पातळ पापुद्रे पसरतात. गुंडाळायला तंतू नाही, तरी पापुद्रे! मी सहकाऱ्यांना हाका मारून मारून दाखवलं होतं.

निखळ पेशी हातात आल्यावर बॅरेस यांनी एक साधा प्रश्न विचारला: शेजाऱ्यांशिवाय ही पेशी जगते का? जगत नाही. दुसऱ्या पेशींकडून येणारे संकेत तोडले की ती स्वतःला संपवते. मग त्यांनी वाढत्या उंदराच्या नसेत पाहिलं, तर तिथे तयार होणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइटपैकी निम्म्यापर्यंत पेशी मरत होत्या, कुठलाही आजार नसताना. पीडीजीएफ वाढवल्यावर हे मरण जास्तीत जास्त ८५ टक्क्यांनी घटलं आणि चार दिवसांत पेशींची संख्या दुप्पट झाली. हे १९९२ चं काम. पुढच्या वर्षी त्यांनी आणि रॅफ यांनी डोळ्यात टेट्रोडोटॉक्सिन हे विष टोचून तंतूंमधली विजेची ये-जा बंद केली. नस तशीच, तंतू तसेच, फक्त संदेश नाहीत. पूर्वपेशींचं विभाजन एकदम मंदावलं.

म्हणजे तंतूंवर संदेश वाहत असतील तर पूर्वपेशी वाढतात, आणि किती पेशी टिकाव्यात हेही तंतूच ठरवतात. १९९८ मध्ये बिल रिचर्डसन यांच्या गटाने पीडीजीएफ जास्त बनवणारे उंदीर तयार केले. पूर्वपेशी भरमसाट झाल्या, जादा ऑलिगोडेंड्रोसाइटही बनल्या, पण त्या मरून गेल्या आणि शेवटी आकडा नेहमीच्याच ठिकाणी येऊन थांबला. पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे वाचलं तेव्हा मी लेख खाली ठेवून नुसती बसून राहिले होते.

आता ताईंचा डोळा. एक ऑलिगोडेंड्रोसाइट ४०-५० तुकड्यांपर्यंत आवरण घालू शकते. श्वान पेशी घालते एकच तुकडा. त्यामुळे हल्ल्यात एक ऑलिगोडेंड्रोसाइट गेली तरी किती तरी तंतूंवर एकेक जागा उघडी पडते. आवरण असलेल्या जाड तंतूत संदेश आवरणाच्या तुकड्यांमधल्या एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उडी घेत सेकंदाला १०० मीटरच्याही पुढे जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूंचा वेग मीटर-दोन मीटर. १०२ आणि १३१ मधले २९ मिलिसेकंद या उघड्या जागांवर खर्च होतात.

दुरुस्ती होते हे १९६१ पासून माहीत आहे. मेरी आणि रिचर्ड बंज यांनी हान्स रिस यांच्यासोबत प्रौढ मांजराच्या मज्जारज्जूत आवरण पुन्हा चढलेलं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. पण नवं आवरण पातळ असतं आणि तुकडे आखूड. म्हणून नजर परत आली तरी व्हीईपीतला उशीर मागे राहतो. आणि कधी कधी पेशी जागेवर असूनही काम होत नाही. २००२ मध्ये ब्रूस ट्रॅप यांच्या गटाने एमएसच्या जुन्या चट्ट्यांत पाहिलं: तरुण ऑलिगोडेंड्रोसाइट होत्या, त्यांच्या फांद्या तंतूंना टेकल्या होत्या, पण वेढा घातलेला नव्हता. तो आकृतीपट मी माझ्या टेबलासमोर लावलाय. वाटेत काय आडवं येतं, तर तुटलेल्या मायलिनचा न उचललेला राडारोडा, सूज आणि वय. केंब्रिजच्या रॉबिन फ्रँकलिन यांनी आयुष्यभर यातल्या वयाचा पाठपुरावा केला.

बॅरेस यांच्याबद्दल दोन ओळी. १९९३ मध्ये ते स्टॅनफर्डला गेले. १९९७ मध्ये त्यांनी स्त्री ही ओळख सोडून पुरुष म्हणून जगायला सुरुवात केली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेले ते पहिले उघडपणे ट्रान्सजेंडर शास्त्रज्ञ. २०१७ च्या डिसेंबरात स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. त्यांच्याकडून बाहेर पडणारे तरुण संशोधक आपला विषय सोबत घेऊन जात, ते अडवत नसत. आमच्या क्षेत्रात हे फार कमी जण करतात.

स्लाइडखाली:

वरच्या प्रतिसादात एक भर. उंदरावरून माणसाकडे येताना सावध राहावं लागतं. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून पेशींचं वय काढलं. प्रौढ माणसाच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागात वर्षाला ३०० पैकी सुमारे एकच ऑलिगोडेंड्रोसाइट बदलली जाते, हे २०१४ चं. २०१९ मध्ये त्यांनी एमएसचे, आवरण पुन्हा चढलेले पातळ चट्टे तपासले. तिथल्या पेशी नव्याने जन्मलेल्या नव्हत्या, जुन्याच होत्या. म्हणजे माणसात वाचलेल्या जुन्या पेशीही दुरुस्तीला हातभार लावत असाव्यात. पूर्वपेशींना जागं करण्याइतकंच असलेल्या पेशी वाचवणं महत्त्वाचं, असं माझं मत झालंय.

मधला_भाऊ:

दोनदा वाचलं. बहिणीलाही वाचून दाखवलं. पापुद्र्यांपाशी तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

एक विचारू का? क्लेमास्टीन नावाचं अ‍ॅलर्जीचं जुनं औषध मायलिन वाढवतं असं वाचलं. गोळी स्वस्त, वर्षानुवर्षं वापरातली. डॉक्टरांना न विचारता सुरू करावी असं मला एका रात्री खरंच वाटलं होतं, म्हणून स्पष्ट विचारतोय.

काचेतल्या_पेशी:

नका करू, दादा. विचारलंत हे फार बरं झालं.

ते औषध सापडलं कसं, ते आधी सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत जोना चॅन यांच्या प्रयोगशाळेत आधी दिसलं होतं की तंतू मेलेला असला, फक्त आकार शिल्लक असला, तरी ऑलिगोडेंड्रोसाइट त्याला वेढा घालते. पुढे निव्वळ कृत्रिम धाग्यांवरही तेच. मग त्यांनी काचेवर शंकूसारखे सूक्ष्म खांब उभे केले, पेशी सोडल्या आणि कोणत्या औषधाने खांबांभोवती जास्त वेढे पडतात ते पाहिलं. त्यात क्लेमास्टीन वर आलं. २०१७ मध्ये ५० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. नस आधीच दुखावलेली, आणि मोजमाप व्हीईपीचंच. उशीर सरासरी १.७ मिलिसेकंदांनी घटला. दिशा दाखवणारा आकडा म्हणून मला तो मोठा वाटतो, कारण हल्ल्यानंतर कैक महिन्यांनीही नस सुधारू शकते हे माणसात दिसलं. पण ताईंच्या २९ शेजारी १.७ ठेवून बघा. डोस अ‍ॅलर्जीला देतात त्याहून बराच जास्त होता आणि थकवा वाढत होता. पुढे सतत वाढत जाणाऱ्या एमएसच्या एका चाचणीत काही रुग्णांचं अपंगत्व या औषधावर अधिक वेगाने वाढलं, तेव्हा त्या गटाचं औषध थांबवावं लागलं.

सध्या ताईंना हल्ले रोखणारं औषध चालू असेल, तर ते चुकू न देणं हेच त्यांच्या ऑलिगोडेंड्रोसाइटसाठी आज करता येण्यासारखं सर्वांत मोठं काम. आणि डॉक्टरांना ओसीटीबद्दल विचारा. व्हीईपीवरून आवरणाचा अंदाज येतो, ओसीटीत डोळ्याच्या पडद्यावरचा तंतूंचा थर मोजतात. किती तंतू टिकलेत ते त्यातून कळतं, आणि तंतू असतील तरच पेशींना वेढा घालायला काहीतरी आहे.

मधला_भाऊ:

औषध चालू आहे, गेल्या महिन्यात दोन दिवस चुकलं होतं. ते ऐकून बहीण काही बोलली नाही, पण मोबाइलवर गजर लावला. ओसीटी १४ तारखेला ठरली. थराचा आकडा आला की इथेच लिहितो.

शुभ्रा_वाचते:

वाट बघते. ताईंना म्हणावं, तपासणीच्या दिवशी डोळ्यात थेंब घातले तर नजर काही तास धूसर राहते. तेही हल्ल्यासारखं वाटतं पण नसतं. सोबत कुणीतरी जा.