पेल्व्हिक बाइंडर : विकत घ्यावा की चादरीवर भागवावं?

घाटपायथा : आमचं ग्रामीण रुग्णालय महामार्गाला लागून आहे. मध्यंतरी रात्री डंपरला धडकलेला दुचाकीवाला आला. बीपी ८०, पोट मऊ, बाहेर कुठे रक्त नाही, एक पाय आखूड होऊन बाहेर वळलेला. पेल्व्हिस (कटीचं हाड) मोडलंय हे कळत होतं, पण बांधायला बाइंडर, म्हणजे कटीभोवती आवळायचा पट्टा, वगैरे काहीच नव्हतं. दोन सलाइन लावून १०८ने पुढे धाडला, ७० किलोमीटर. वाचला, पण गाडीतल्या डॉक्टरांचा घाम निघाला. आता रुग्ण कल्याण समितीतून थोडे पैसे मिळतायत. सॅम स्लिंग किंवा टी-पॉड असा तयार बाइंडर घेऊ, की चादर पुरेल?

हाडवैद्य_२ : सर, कंपनी नंतर ठरवा, आधी जागा. आमच्याकडे रेफर होऊन येणाऱ्यांचा बाइंडर कित्येकदा पँटच्या पट्ट्याच्या जागी असतो. तिथे कितीही आवळा, पेल्व्हिसचा पुढचा सांधा नीट मिटत नाही आणि पोट तपासायची पंचाईत होते ती वेगळीच. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाताला लागतो तो ग्रेटर ट्रोकँटर, पट्ट्याचा मध्य त्याच्यावर. पहिल्यांदा बांधणाऱ्याला हे फारच खाली वाटतं. तेच बरोबर असतं.
आणि कृपा करून पेल्व्हिस दाबून 'उघडतंय का' बघू नका. रक्त बहुतेक शिरांमधून आणि मोडलेल्या हाडातून झिरपत असतं. धरलेली गुठळी त्या दाबण्यानेच सुटते. जोरदार अपघात आणि शॉक (रक्त जाऊन बीपी घसरणं), एवढ्यावर बांधा. एक्स-रे नंतर.

कॅज्युअल्टी_सिस्टर : आमच्याकडे वर्षभर चादरच होती. लांबीत घडी घालून साधारण फूटभर रुंदीची पट्टी करायची, गुडघ्यांच्या खालून सरकवून वर न्यायची म्हणजे पेशंटला कुशीवर वळवावं लागत नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहून टोकं ओढायची, पीळ द्यायचा आणि क्लॅम्प लावायचे. गाठ मारू नका सर, सैल पडते. ड्रॉशीट (पेशंटच्या खाली आडवी घालतात ती पातळ चादर) चालते. गादीवरची जाड चादर नको, तिला पीळच बसत नाही.

शंभरआठवाला : सिस्टरांच्या चादरीला मान, पण घाटातल्या वळणांवर ती ढिली होते, मी दोनदा वाटेत गाडी थांबवून आवळलीय. सॅम स्लिंगला ठरावीक जोर आला की बकल आवाज करून तिथेच अडतं, अंधारात एकट्या माणसाला ते सोपं. टी-पॉडही चांगला, मात्र तो मापाने कापून बसवतात, म्हणजे एका पेशंटपुरताच. काहीही घ्या, गुडघे आणि पावलं एकत्र बांधाच, वळलेला पाय आत येतो. आणि खिसे! किल्ल्या, मोबाइल पट्ट्याखाली राहतात. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झा १ ग्रॅम १० मिनिटांत तुमच्याकडेच देऊन टाका, अपघाताला ३ तास उलटल्यावर उपयोग नाही.

घाटपायथा : खिशांचं डोक्यातच आलं नव्हतं. बाथरूममध्ये घसरलेल्या आजींनाही बांधायचा का? आणि काढायचा कधी?

हाडवैद्य_२ : आजींना नको, तिथे बहुधा खुब्याचं हाड असतं. काढायचं आमच्यावर सोडा, शॉकमधल्या पेशंटचा पट्टा वाटेत सोडून बघू नका. फक्त बांधल्याची वेळ रेफर चिठ्ठीवर ठळक लिहा. २४ तासांच्या आत तो निघायला हवा, नाहीतर कातडी जाते. अजून एक : बाइंडर नीट बसला की एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो. एकदा आमच्या रेसिडेंटने तसा फोटो बघून पट्टा काढला आणि पाच मिनिटांत बीपी लागेना. तेव्हापासून काढल्यावर दुसरा फोटो घेतल्याशिवाय आम्ही कुणाला मोकळं सोडत नाही.

घाटपायथा : ठरलं. सॅम स्लिंग दोन मागवतो, एक तिकडे गेली की परत यायला आठवडा लागतो. तोवर ड्रॉशीट आणि चार क्लॅम्प ट्रॉलीवर वेगळे काढून ठेवलेत. उद्या ओपीडी संपल्यावर आमच्या वॉर्डबॉय मामांना आडवं करून सगळ्यांकडून बांधून घेतो.

कॅज्युअल्टी_सिस्टर : मामांचे खिसे आधी रिकामे करा सर. तंबाखूची डबी असतेच.