पूल टाकणारा रणगाडा: सगळे पलीकडे गेले की पूल तिथेच सोडतात का?

नगरकर_भटक्या:
रविवारी पोराला घेऊन नगरच्या रणगाडा म्युझियमला गेलो होतो (इतकी वर्षं नगरमध्ये राहून पहिल्यांदाच, हसू नका). तिथे व्हॅलेंटाईन म्हणून एक जुना रणगाडा उभा आहे, त्याला तोफच नाही, पाठीवर घडी घातलेला लोखंडी पूल. पोरगं म्हणालं बाबा, सगळे पलीकडे गेले की हा पूल तिथेच टाकून जातात का? मी म्हटलं हो, बहुतेक. पण मग दुसरा नाला आला की काय करणार, हे काही मला सांगता येईना. शिवाय दर पावसाळ्यात कुठे ना कुठे पूल वाहून जातोच, तेव्हा आर्मी असले दोन-चार रणगाडे का नाही पाठवत, पाच मिनिटांत काम होईल ना? जाणकारांनी सांगा, घरी उत्तर द्यायचंय.

कॅटरपिलर:
पोराला सांगा, पूल सोडत नाहीत, उचलून नेतात. आणि गंमत म्हणजे उचलतात पलीकडच्या बाजूने. अलीकडच्या काठावरून पूल टाकायचा, रणगाडे पार झाले की पूलवाला रणगाडा स्वतःच त्याच पुलावरून पलीकडे जातो, वळून पुलाच्या टोकाला जोडून घेतो, परत घडी करून पाठीवर घेतो आणि निघाला पुढे. पूल दोन्ही टोकांनी पकडता येईल असाच बनवलेला असतो.

तुम्ही पाहिलेला व्हॅलेंटाईन दुसऱ्या महायुद्धातला, पूल साधारण १० मीटरचा, बर्मामध्ये वापरले होते ते. आपल्याकडे नंतर विजयंता रणगाड्याच्या सांगाड्यावर कार्तिक नावाचा बनला, आणि आता बीएलटी टी-७२ आहे, म्हणजे ब्रिज लेयर टँक, पूल २० मीटरचा, बनतो चेन्नईजवळच्या आवडी कारखान्यात. त्यावर एमएलसी ७० लिहिलेलं असतं, लोक त्याला सरळ ७० टन समजतात पण तो लोड क्लास आहे, गाडीचं वजन किती आणि ते चाकांवर किंवा पट्ट्यांवर कसं वाटलं गेलंय ते सगळं धरून ठरतो.

आता २० मीटरच का, ५० का नाही? कारण टाकताना पूर्ण पूल हवेत पुढे लटकलेला असतो आणि त्याला तोलून धरणारा एकटा तो रणगाडा. पूल लांब केला की तो जड होतो आणि वजनाचा मध्यही पुढे सरकतो, म्हणजे दोन्हीकडून मार, रणगाडा नाकावर पडायचा. म्हणून पुढे जमिनीवर टेकायला पाय किंवा ब्लेड असतं.

निवृत्त_सॅपर:
वरच्यांनी बरोबर सांगितलंय, थोडी भर घालतो. पूल टाकणं हे सगळ्यात सोपं काम हो. खरी डोकेदुखी काठाची. आमच्या भाषेत अलीकडचा होम बँक आणि पलीकडचा फार बँक. फार बँक मऊ असला की पहिले दोन रणगाडे जातात, तिसऱ्याला टोक चिखलात रुतायला लागतं आणि पूल तिरका होतो. त्यामुळे आधी रेकी करणारी मुलं रात्री जाऊन गॅप मोजतात, काठ किती उंच, माती कशी, उतरायला जागा आहे का. २० मीटरचा पूल म्हणजे २० मीटरचा नाला असं कधीच नसतं, दोन्हीकडे टेकायला जागा सोडावी लागते.

आणि तो पूल म्हणजे रस्ता नाही, नुसत्या दोन पट्ट्या, मधे मोकळं. ड्रायव्हरला खाली काही दिसत नाही, समोर उभा माणूस हाताने डावा-उजवा दाखवतो त्यावर जायचं. रात्री एक्सरसाईजमध्ये मी तो समोरचा माणूस झालोय, ४० टनांचा रणगाडा तुमच्या इशाऱ्यावर येत असतो तेव्हा देव आठवतो.

मुळात हे मशीन नद्यांसाठी नाहीच. पंजाबात सीमेच्या दोन्ही बाजूंना खणलेले कालवे आणि डीसीबी आहेत, म्हणजे खंदक आणि त्याच्या मातीचा बांध, रणगाडे अडवायलाच केलेले. समोरून गोळ्या येत असताना ते पार करायचे तर पूल टाकणाऱ्याने आत चिलखतात बसूनच टाकायला हवा. मागे एकदा रस्ता मोकळा झाला की मग ट्रकवरचे पूल येतात. त्यातला एक ‘सर्वत्र’ नावाचा, टाट्रा ट्रकवर, १५ मीटरचे ५ तुकडे, एक टाकला की त्यावर चढून पुढचा टाकायचा, मधे टेकूला ट्रेसलचे पाय, असे ७५ मीटर होतात. ते आपल्या पुण्यात दिघीच्या डीआरडीओ लॅबने केलंय.

पुराचं म्हणाल तर रणगाडा तिथपर्यंत ट्रेलरवर न्यायचा, घाटातून, आणि टाकायच्या त्या दोन पट्ट्या, ज्यावरून तुमची एसटी किंवा मोटरसायकल जाणार कशी? नदी तर २० मीटरपेक्षा मोठीच. तिथे बेली ब्रिज लागतो, हाताने नटबोल्ट-पिनांनी जोडायचा. २०२४ ला वायनाडला लावला तो १९० फुटांचा होता, २४ टन क्षमतेचा, मद्रास सॅपर्सनी (सॅपर म्हणजे सैन्यातले इंजिनिअर) दीड दिवसात उभा केला, आणि त्यातल्या मेजर सीता शेळके तर तुमच्याच नगर जिल्ह्यातल्या. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पादचारी पूलही २०१८ ला आमच्या बॉम्बे सॅपर्सनी बेलीचाच केला होता.

टी९०_फॅन:
एक अॅड करतो, कात्रीसारखा उघडणारा पूल उघडताना ताठ उभा राहतो, मैदानात लांबून दिसतो, शत्रूला आयतं आमंत्रण. म्हणून जर्मन बीबर किंवा आपला अर्जुन रणगाड्यावरचा बीएलटी यांच्यात पूल आडवाच पुढे सरकतो.

निवृत्त_सॅपर:
हो, पण आडवा सरकवणाऱ्याची यंत्रणा जास्त किचकट, बिघडली की दुरुस्तीला वेळ जातो. कात्रीवाला आमचा लाडका होता तो त्यामुळेच.

नगरकर_भटक्या:
धन्यवाद सगळ्यांना, काका तुम्हाला विशेष. पोराला वाचून दाखवलं. त्याचा पुढचा प्रश्न: पूलवाला स्वतः पलीकडे गेला आणि पूल उचलला, मग आता परत यायचं असेल तर?

निवृत्त_सॅपर:
तोच पूल पाठीवर आहे की, वळायचं आणि टाकायचा. पोराला खडकीला, आमच्या बॉम्बे सॅपर्सच्या केंद्रात पाठवा मोठा झाल्यावर.