मीखा ३:१० मधलं ‘रक्त’ खरं की अलंकारिक?

बायबलमधला संदेष्टा मीखा यरुशलेमच्या पुढाऱ्यांना म्हणतो : तुम्ही सियोन (यरुशलेमची टेकडी, म्हणजे शहरच) रक्तानं बांधता, यरुशलेम अन्यायानं. हे रक्त शब्दशः घेऊ नये. पुढच्याच वचनात गुन्हे मोजून दिलेत : न्यायाधीश लाच घेऊन निवाडा देतात, याजक मोल घेऊन शिकवतात, संदेष्टे पैसे घेऊन शकुन सांगतात. तिन्ही पैशाचे, खुनाचा एकही नाही. ३:३ मधलं कातडं सोलून हंड्यात मांस टाकणं कुणी खरं मानत नाही. मग हेच रक्त खरं कसं? यहूदाचा राजा हिज्कीया याच्या काळात (इ.स.पू. आठव्या शतकाची अखेर) शहरात तटाचं आणि सुमारे ५३३ मीटर लांबीच्या बोगद्याचं काम झालं. मला या वचनात वेठबिगारांचा घाम दिसतो.

प्रतिसाद १ : पूर्ण असहमत. मूळ शब्द ‘दमीम’, रक्ताचं अनेकवचन. हिब्रूत हे रूप सांडलेल्या रक्तासाठी, खुनाच्या दोषासाठी येतं. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकातलं २२:२ पाहा : रात्री घर फोडताना चोर मारला गेला, तर मारणाऱ्यावर ‘दमीम’ नाही. हा कायद्याचा शब्द आहे. शिवाय लाच आणि खून तुम्ही वेगळे काढताच कसे? नाबोथाचा द्राक्षमळा आठवा (१ राजे २१). मळा हवा होता इस्राएलचा राजा अहाब याला; त्याची राणी ईजबेल हिनं अहाबाच्या शिक्क्याची पत्रं धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला गावाबाहेर दगडमार केला. मळा राजाच्या ताब्यात. सगळं रीतसर न्यायासनापुढे! आणि मीखा ६:१६ मध्ये ‘अहाबाच्या घराण्याची कृत्यं’ असं नाव घेऊनच म्हटलंय.

धागालेखक : नाबोथाचा दाखला वजनदार आहे, मान्य. पण सहावा-सातवा अध्याय अनेक अभ्यासक नंतरच्या काळातले मानतात. त्यांच्या आधारे तिसऱ्याचा अर्थ लावणं धोक्याचं. दुसऱ्या अध्यायात शेतं नि घरं बळकावल्याची तक्रार आहे, तिथेही खून नाही.

प्रतिसाद २ : मग मीखाबाहेरचा पुरावा घ्या. नंतरचा संदेष्टा यिर्मया, २२:१३-१७ : यहूदाचा राजा यहोयाकीम मजुरी बुडवून वाडा बांधतो आणि निर्दोषांचं रक्तही सांडतो. घाम आणि रक्त, दोन्ही आरोप एकाच राजावर. यिर्मयानंही शहराचा नाश सांगितला आणि त्याला मारायची मागणी झाली (यिर्मया २६), तेव्हा वडीलधाऱ्यांनी मीखा ३:१२ जसंच्या तसं म्हणून दाखवलं (‘सियोन शेतासारखी नांगरली जाईल’) आणि विचारलं, हिज्कीयानं मीखाला मारलं का? यिर्मया वाचला. तसाच संदेश देणाऱ्या उरीयाला मात्र यहोयाकीमनं मिसरातून पकडून आणवलं आणि तलवारीनं मारलं. त्याच अध्यायात आहे, २६:२३.