पिंट्याला मनीऑर्डर कुणी पाठवायची?

(घरचा ग्रुप. धाकट्या काकांचा पोरगा पिंट्या कोल्हापूरच्या कळंबा जेलात आहे.)

धाकटे काका: रात्री एका नंबरवरनं फोन आलता. "कळंबा जेलातनं बोलतोय, तुमच्या पोराला आत लई त्रास हाय, आठ हजार टाका, बराक बदलून देतो" म्हणाला. हिनं रात्रभर डोळ्याला डोळा लावला न्हाई. टाकू का पैसे?

आत्या: एक रुपया टाकू नकोस! कुणाच्या खासगी नंबरवर टाकलेले पैसे पोरापर्यंत पोचत नसतात. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन लाव आणि तो नंबर कळव. आत्ताच्या आत्ता.

धाकटे काका: लावतो.

पुण्याची ताई: मग पाठवायचे कसे गं आत्या? मी तीन हजार काढून ठेवलेत. दादानंही तेवढेच.

आत्या: तेच सांगायचं होतं. काल मी जेलात मुलाखतीला, म्हणजे त्याला भेटायला गेले होते, तेव्हा सगळं विचारून आले. साधी पोस्टाची मनीऑर्डर करायची. पिंट्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, न्यायबंदी (म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला कैदी) असल्याचं आणि त्याचा बंदी नंबर, त्याखाली अधीक्षक, कोल्हापूर मध्यवर्ती कारागृह, कळंबा. पाठवणाऱ्याचा पत्ताही नीट लिहायचा. पोस्ट शंभराला पाच रुपये कमिशन घेतं. पैसे त्याच्या हातात पडत नाहीत, आत त्याच्या नावावर जमा होतात. त्यातनं तो कँटीनमधनं साबण, तेल, बिस्किटं घेतो.

आत्या: आणि हे महत्त्वाचं. महिन्याला किती घेता येतील याला मर्यादा असते. 2021 साली मुंबईच्या आर्थर रोड जेलमधल्या एका गाजलेल्या केसच्या वेळी पेपरात साडेचार हजार आलं होतं. आपण दर वेळी जेलच्या खिडकीवर विचारूनच पाठवायचे. प्रत्येकानं आपापली मनीऑर्डर केली तर नुसता गोंधळ होईल. पाठवणारा एकच, त्याचा बाप. बाकीच्यांनी पैसे त्याच्याकडं द्या. उरतील ते वकिलाला लागतील.

पुण्याची ताई: बरं. आणि निरोप? मला रजा मिळत नाही, नाहीतर मीच आले असते.

आत्या: तुझ्यासाठी ई-मुलाखत आहे. ई-प्रिझन्स या जेलांच्या सरकारी साइटवर अर्ज भर. राज्य, जेल, त्याचं नाव, वडिलांचं नाव, तुझं ओळखपत्र, नातं. मंजुरी आली की ठरलेल्या वेळेला व्हिडिओवर तो दिसेल. पण मी तर म्हणते पत्र लिही. पोस्टकार्ड पन्नास पैशाला, आंतरदेशीय अडीच रुपयाला. बोलणं मिनिटांत संपतं, पत्र तो रात्री परत काढून वाचेल. फक्त केसचं, साक्षीदाराचं अक्षरही लिहायचं नाही. आधी तिथले लोक वाचतात.

मोठे काका: पत्र-बित्र कशाला? पोरगं जेलात आहे हे आधीच गल्लीभर झालंय. पोरींची लग्नं व्हायची आहेत.

आत्या: दादा, तुमचा मान राखून सांगते. त्याच्यावर आरोप आहे, शिक्षा झालेली नाही. काल त्यानं पैशाचा प शब्द काढला नाही. विचारलं काय, तर "म्हस व्यायली का? आबांचा गुडघा कसा हाय? मोठे काका आले न्हाईत व्हय?" हे तिसरं विचारताना मान खाली होती त्याची. मला बोलवेना.

(बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही.)

भाची: मावशी, कॉलेजात शिकले ते सांगते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479. पहिलाच गुन्हा असेल आणि ज्या कलमाखाली आरोप आहे त्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला, तर जामिनावर सोडायची तरतूद आहे. तेवढा काळ भरला की अधीक्षकांनीच कोर्टाला लेखी कळवायचं असतं. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना ते लागू नाही. एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी नाही. पिंट्यादादाची एकच आहे. वकिलांना तारखा मोजायला सांगा.

धाकटे काका: वकिलाची फीच झेपंना झाल्या बाळ.

भाची: मग 15100 ला फोन करा, मामा. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, तो त्याचा हक्क आहे. आणि हायकोर्टात जायची वेळ आली तरी मुंबईची गाडी धरायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात बसतंय.

धाकटे काका: 1930 ला कळवलं. आता रमणमळ्याच्या पोस्टात निघालोय.

मोठे काका: थांब. मीबी येतो. पुढची मुलाखत कवा हाय?

आत्या: अर्ज मी भरते, दादा. आधारकार्डाचा फोटो टाका.

धाकटी काकू: पोस्टातनं येताना चार कार्डं आणा. रेडकू झालंय म्हणून मीच लिहिते त्याला. कपाळावर पांढरा ठिपका हाय, तेबी लिहिते.