सरपंच मी, पण डोंगल उपसरपंचाजवळ. काय करू?

यवतमाळची_ताई
नमस्कार. गावाचं नाव नाही सांगत, लहान गाव आहे. सरपंचपद महिलेसाठी सुटलं आन् मी थेट जनतेतून निवडून आली, याले आता आठ महिने झाले. बचत गटाचा हिशेब सहा वर्षं मीच ठेवला, म्हणजे आकडे मले नवीन नाहीत. पण पंचायतीत गेली की ठराव बुक समोर सरकवतात, इथं खाली सही करा म्हणतात, आन् वरचं अर्धं पान कोरंच असते. वित्त आयोगाचे पैसे काढायचा डीएससीचा, म्हणजे माझ्या डिजिटल सहीचा, डोंगल उपसरपंचाजवळ, पिनही त्यालेच माहीत. नालीचं बिल निघालं हे मले हापशीवर एका बाईनं सांगितलं, नाली तर अजून अर्धीच खोदून पडली आहे. काही बोलली की अविश्वास आणू म्हणतात. घरचे म्हणतात, कशाले वैर घेतं.

माजी_सरपंच_अमरावती
ताई, आधी डोंगल ताब्यात घ्या. ती तुमची सही आहे, उद्या चौकशी लागली तर वसुली तुमच्या नावानं निघते, उपसरपंचाच्या नाही. लेखी मागा, पोच घ्या, नाही दिला तर बीडीओकडे (गटविकास अधिकाऱ्याकडे) अर्ज करा. हाती आला की पहिले पिन बदला. ठराव बुकात कोरी जागा दिसली की तिरपी रेघ मारायची मगच सही, खाली तारीख. मी प्रत्येक ठराव मोठ्यानं वाचायले लावत होती, पहिली मीटिंग तीन तास चालली, सगळे चिडले, तिसऱ्या मीटिंगपासून पानं भरून यायले लागली.

वऱ्हाडी_पोरगा
अविश्वासाचा धाक घेऊ नका. निवडून आल्यापासून २ वर्षं तो आणताच येत नाही, नंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात आन् थेट निवडून आलेल्या सरपंचासाठी वरून ग्रामसभेत गुप्त मतदान. माझी आई पाच वर्षं सरपंच होती पण मीटिंगले बाबा जायचे, लोक त्यायलेच सरपंच म्हणत, आई चुलीजवळ बसून ऐके. तेव्हा मी काही बोललो नाही याचं आजही वाईट वाटते.

वर्धा_बचतगट
पंचायतीत बायायले १९९३ ले एक तृतीयांश आन् २०११ ले अर्ध्या जागा मिळाल्या, पण ग्रामसभा अजूनही सकाळी अकरालेच, तेव्हा बाया कापूस वेचायले गेलेल्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यातच आहे, ती संध्याकाळी सातनंतर ठेवा, वेचणीवरून आलेल्या बाया हातपाय धुऊन येतात. नालीचा विषय तिथंच काढा, ठराव लिहून घ्या आन् तो ग्रामसभेत वाचा. एकटी बोलली तर भांडखोर म्हणतील, चाळीस बाया मागं बसल्या तर बिल दाखवाच लागते.

यवतमाळची_ताई
सगळ्यायचे खूप आभार. आज अर्ज दिला, पोच घेतली. महिला सभेची दवंडी शुक्रवारी देतो, सात वाजताची.