मिनिटाला 800 शब्द? वाचता की चाळता?

निवांत_वाचक:
काल इथे एकाने लिहिलं, 'मी मिनिटाला 800 शब्द वाचतो, वर्षाला 120 पुस्तकं. हळू वाचणाऱ्यांचं चित्त थाऱ्यावर नसतं.' उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा. अहो, मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये वाचनवेगावरचे जुने अभ्यास एकत्र केले. मनातल्या मनात इंग्रजी वाचण्याचा मोठ्या माणसांचा सरासरी वेग निघाला माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला 238 शब्द, कथा-कादंबरीसाठी 260. 800 म्हणजे चाळणं! मला तर वाडा, ओसरी, कंदिलाचा उजेड डोळ्यांपुढे उभा राहिल्याशिवाय पान उलटवत नाही.

भरधाव:
तो 'एक' मीच. 238 इंग्रजीचे, आपण मराठी वाचतो.

निवांत_वाचक:
मग तर तुमचं आणखी अवघड. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा आपल्याकडे एकच शब्द. इंग्रजीत मोजा किती होतात ते.

भरधाव:
बरं, 800 घाईत लिहिलं. 500 धरा. पण दोन-दोन पानं सूर्यास्त कोण वाचणार? मी गाळतो. गोष्ट कळते.

कोरी_पाटी:
मला डोळे मिटल्यावर आईचा चेहराही दिसत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन यांनी 2015 मध्ये याला 'अफँटेझिया' नाव दिलं. त्यावरचा लेख वाचला तेव्हा चाळिशीत कळलं की बाकीच्यांना खरंच काहीतरी दिसतं! 'डोळ्यांपुढे उभं राहणं' हा मी नुसता वाक्प्रचार समजत होते. तरी सावकाशच वाचते, वाक्याच्या लयीसाठी. आणि कादंबरी संपताना हमसून रडते. तुमच्या कंदिलावाचून काही अडत नाही.

निवांत_वाचक:
तुमचं वेगळं आहे हो.

कोरी_पाटी:
'वेगळं' म्हणजे? माझं वाचन कमअस्सल?

खिळेजुळारी:
अवांतर: वेग कसला डोंबलाचा! चारशे रुपयांच्या पुस्तकात 'सरदाराचं शीर धडावेगळं झालं'. मला नुसती रक्तवाहिनी तुटलेली दिसली, मुंडकं शाबूत. मुद्रितशोधक ठेवायचे पैसे नाहीत, प्रकाशनसोहळ्याला आहेत.

भरधाव:
तेच पुस्तक मीही वाचलं. मला नाही खटकलं.

निवांत_वाचक:
खटकेल कसं? शिर काय, शीर काय, 500च्या वेगात!

कोरी_पाटी:
मला खटकलं. चित्र न दिसता. नोंद घ्यावी.

खिळेजुळारी:
सगळा दोष टाइपसेटिंगवर ढकलतात. फाँट बदलताना ऱ्हस्वाचं दीर्घ होत नाही हो, माणसाने बघायचं असतं. तीस वर्षं प्रुफं तपासली, काना-मात्रेवर बोट ठेवून.

निवांत_वाचक:
शुद्धलेखनाचा वेगळा धागा काढा की.

खिळेजुळारी:
काढला होता, दोन प्रतिसाद आले. मग प्रकाशकाला चुकांची 14 पानी यादी पाठवली. उत्तर आलं, 'वाचक एवढं बघत नाहीत.'

भरधाव:
चला, प्रकाशक तरी माझ्या बाजूने.