गाड्या रंगवणाऱ्या बाईने भिंतीची भरपाई मागावी का?

सातनंबरवाली (धागाकर्ती)

मी क्वीन्समध्ये राहते, रोजचा प्रवास सात नंबरच्या सबवेने. फ्लशिंगच्या गणपतीला गेलेल्यांना ही लाइन ठाऊक असेल. लाँग आयलंड सिटीत गाडी उंचावरून वळते, तिथे २०१३ पर्यंत खिडकीत एक अख्खी रंगवलेली जुनी फॅक्टरी यायची. नाव फाइव्ह पॉइंट्झ. मालकाच्या परवानगीने जगभरचे लोक येऊन तिथे स्प्रेने चित्रं काढायचे. नोव्हेंबर २०१३ मध्ये एका रात्रीत मालकाने सगळ्यावर पांढरा रंग मारला. कलाकार कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये २१ जणांना मिळून ६७ लाख ५० हजार डॉलर मंजूर झाले.

त्या २१ जणांत एक होती लेडी पिंक, एकेकाळी परवानगीशिवाय सबवेच्या गाड्या रंगवणारी. परवा जेवताना हिच्यावरून आमच्याकडे इतकं वाजलं की आमटी गार झाली. नवऱ्याचं म्हणणं, "जिने दुसऱ्याच्या गाड्या रंगवल्या तिने आपलं चित्र पुसलं म्हणून रडायचं?" मला हे पटलं नाही. म्हणून हा काथ्याकूट.

थोडी ओळख. खरं नाव सांड्रा फबारा. जन्म १९६४, इक्वेडोरमधल्या अंबातोचा. लहानपणीच न्यूयॉर्कला आली. १९७९ मध्ये तिच्या मित्राला घरच्यांनी पोर्तो रिकोला धाडून दिलं, तेव्हा त्याच्या आठवणीत ती त्याचंच नाव भिंतींवर लिहू लागली. तिथून सुरुवात. 'पिंक' हे नाव सीन नावाच्या दुसऱ्या एका लेखकाने दिलं, 'लेडी' तिने स्वतः जोडलं. (ही मंडळी स्वतःला चित्रकार नाही, 'रायटर' म्हणवतात. म्हणून मीही लेखकच म्हणतेय.) समोर आदर्श होते ली किन्योनेस आणि डाँडी, म्हणजे डब्याची वरपासून खालपर्यंत पूर्ण बाजू रंगवणारे गडी. मुलं तिला यार्डात, म्हणजे गाड्या रात्री उभ्या असतात तिथे, न्यायला तयार नव्हती. पळता येणार नाही, पकडली गेलीस तर नावं सांगशील, अशी कारणं. ती तरीही गेली, आपले रंगाचे डबे आपण वाहून. १९८५ पर्यंत गाड्या रंगवल्या, मग थांबली. आता परवानगीने मोठी भित्तिचित्रं करते, शाळेतल्या मुलांना घेऊन भिंती रंगवते. तिची कामं म्युझियममध्ये आहेत.

माझं मत: गाडीवर लिहिलेलं पुसलं जाणार हे या मुलांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्याची भरपाई कुणी मागितली नाही. फाइव्ह पॉइंट्झ हा वेगळा व्यवहार होता. दोन्हींची गल्लत करू नये.

आठबावीस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कारशेडवाले काका कुठे आहेत?

कारशेडवाला

आहे इथेच. ३४ वर्षं कुर्ला कारशेडला काढली, तेव्हा मत विचारलंच आहे तर ऐका.

ताई, तुम्ही "डब्याची पूर्ण बाजू" असं कौतुकाने लिहिलंत. पूर्ण बाजू म्हणजे खिडक्यांसकट. आतल्या माणसाला बाहेरचं स्टेशन दिसत नाही. म्हातारी बाई, नवीन आलेला माणूस, मुकी मुलगी, यांनी काय करायचं? डब्याचा नंबर रंगाखाली गेला की शेडमध्ये वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाची वाट लागते. आणि पुसणारा कोण? त्याचं नाव कुठल्या म्युझियमात आहे का? आमच्याकडे गुटख्याच्या पिचकाऱ्या काढताना पोरांच्या हाताची सालं निघायची. न्यूयॉर्कवाल्यांनी १९७७ पासून कोनी आयलंडच्या यार्डात केमिकलने डबे धुवायला घेतले होते. ते केमिकल कुणाच्या नाकात गेलं असेल?

कलेला विरोध नाही. पण रेक (डबे जोडलेली अख्खी गाडी) ही कुणा एकाची वही नव्हे.

अवांतर: २०२२ मध्ये अहमदाबाद मेट्रोचे डबे रंगवले म्हणून चार इटालियन पोरांना पकडलं. इटलीहून विमानाने येऊन आमच्या गाडीवर नाव लिहायचं! ही गरीब, दुर्लक्षित मुलं का?

आठबावीस

+१ पिचकारीला. तीही 'फ्रीहँड'च असते.

बोरू_शाई

पिचकारीशी तुलना करणाऱ्यांना दंडवत. मी सुलेखन शिकवतो, अक्षरांपुरतंच बोलतो.

१९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने टाकी १८३ या पोरावर बातमी केली. (आपली पाण्याची टाकी नव्हे. देमेत्राकी या ग्रीक नावाचं लाडकं रूप आणि १८३ हा राहत्या रस्त्याचा नंबर.) तो निरोप्याचं काम करायचा, शहरभर फिरायचा आणि जाईल तिथे मार्करने नाव टाकायचा. त्याच्याही आधी हुलिओ २०४ होता, फिलाडेल्फियात कॉर्नब्रेड होता. तोवर हे नुसतं नाव लिहिणं होतं. काकांचं म्हणणं तिथवर मी मान्य करेन.

गंमत पुढे आहे. बातमी आल्यावर हजारो मुलं लिहू लागली, आणि गर्दीत आपलं नाव उठून दिसायचं तर अक्षर बदलावं लागतं. १९७२ च्या सुमारास ब्राँक्सच्या फेज टू ने अक्षरं फुग्यासारखी टम्म फुगवली. सुपर कूल २२३ ने दुसऱ्याच कुठल्यातरी स्प्रेच्या डब्याचं रुंद तोंडाचं बोंडूक (नोझल) रंगाच्या डब्याला बसवलं, आणि रेघ एकदम बोटभराची हातभर झाली. मग सावली, मग खोली, मग एका अक्षराच्या शेपटीतून दुसऱ्याचं डोकं काढायचं, इतकं की बाहेरच्याला वाचताच येऊ नये. मोडी वाचणाऱ्याला ही भानगड नवी नाही.

हे कोणी शिकवलं? कुणीही नाही. १४९ व्या रस्त्याच्या ग्रँड कॉन्कोर्स स्टेशनवर एक बाक होता. पोरं तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत, काळ्या वहीतली अक्षरं एकमेकांना दाखवत. दुसऱ्याची ढब चोरली की त्याला 'बाइट' म्हणत आणि तो पोरगा उठला. नवख्याला 'टॉय' म्हणत. यापेक्षा कडक गुरुकुल मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे फी भरून येतात आणि 'क' ची गाठ तीन महिने चुकवतात.

फेज टू ला 'ग्राफिटी' हा शब्दच मान्य नव्हता. २०१९ मध्ये गेला, शेवटपर्यंत म्हणत राहिला की आम्ही लिहितो, हे लेखन आहे. मला ते पटतं.

कारशेडवाला

गुरुकुलाचा फळा दुसऱ्याच्या पैशाने आलेला होता, सर. रंगाचे डबेही. दुकानातून उचलून आणायचे हे ही पोरं स्वतःच छाती फुगवून सांगतात.

अण्णा_१९८१

नमस्कार. मी १९८१ पासून इथे. पहिली आठ वर्षं एल्महर्स्टला, म्हणजे हीच सात नंबर. धागाकर्ती ताई तेव्हा जन्मल्याही नसतील.

कविता बाजूला ठेवा, आम्हाला भीती वाटायची. बाहेरून रंगीत चित्रं म्हणता ना, आत या. आत चित्रं नव्हती. आतल्या प्रत्येक इंचावर काळ्या मार्करचे फरकाटे, नकाशावर, दारावर, छतावर. नकाशावर लिहिल्यामुळे मी दोनदा चुकीच्या स्टेशनात उतरलो. दिवे मिणमिणते, पंखे बंद, गाडी बोगद्यात थांबली की वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. बायको दुसऱ्या शिफ्टहून येताना मी स्टेशनवर जाऊन उभा राहायचो.

आणि तरी काकांच्या बाजूने पूर्ण उभं राहता येत नाही. गाड्या मोडत होत्या त्या रंगामुळे नाही. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या दारात होतं, देखभालच बंद पडली होती. ऐंशीच्या सुरुवातीला एकेक डबा सरासरी दहा हजार मैलही न बिघडता चालत नव्हता. महापौर कॉच यांना मात्र दिसत होता फक्त रंग. आमच्या लाइनचे डबे पांढरेशुभ्र रंगवले, कोरोना यार्डाला काटेरी तारांची कुंपणं घातली, आत कुत्रे सोडले. गाडी पांढरी झाली, पंखा बंदच.

पुढे १९८४ मध्ये सबवेचे प्रमुख म्हणून डेव्हिड गन आले. त्यांनी नियम केला: एकदा साफ केलेला डबा पुन्हा रंगलेला दिसला तर तो लगेच सेवेतून काढायचा, पुसल्याशिवाय रुळावर सोडायचा नाही. मग रात्रभर जागून लिहिलेलं नाव सकाळी कुणालाच दिसेना. पोरांची हौस तिथे संपली, कुत्र्यांनी नाही संपवली. १२ मे १९८९ ला शेवटचा रंगलेला डबा निघाला. सोबत गाड्यांची दुरुस्तीही झाली, म्हणून आम्हाला फरक कळला.

सातनंबरवाली

अण्णा, जन्मले होते हो, तीन वर्षांची होते, पण कऱ्हाडात.

आतल्या फरकाट्यांचं मान्य. लेखक मंडळीही त्यातल्या बऱ्याच गोष्टींना नाक मुरडायची. पण काका, पोरांना पकडण्याचं बोलता तर मायकेल स्ट्यूअर्टचं नाव घ्यायला हवं. २५ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. सप्टेंबर १९८३ मध्ये फर्स्ट अव्हेन्यू स्टेशनवर भिंतीवर लिहिलं म्हणून ट्रान्झिट पोलिसांनी धरला. हॉस्पिटलात नेला तेव्हा कोमात होता, तेरा दिवसांनी गेला. सहा पोलिसांवर खटला चालला, सगळे सुटले. ज्या वर्षी गॅलऱ्या हीच अक्षरं कॅनव्हासवर विकत होत्या, त्याच वर्षी.

म्हणून "शेवटी कायदा सगळ्यांना सारखा" हे नेहमीचं वाक्य या विषयात माझ्या घशाखाली उतरत नाही.

कारशेडवाला

ते वाचून मीही गप्प झालो. माणूस मारणं आणि डबा धुणं या दोन गोष्टी मी एका तराजूत घालणार नाही. पण त्या मुलाच्या मरणाने गाडी रंगवणं बरोबर ठरत नाही. यार्डात तिसऱ्या रुळात सहाशे व्होल्ट खेळत असतात, पोरं अंधारात त्यावरून उड्या मारायची. आमच्याकडे वरच्या तारेत पंचवीस हजार. मी जळलेला मुलगा उचललेला आहे, टपावर चढलेला. म्हणून "ती तरीही गेली" असं कौतुकाने लिहिलेलं मला वाचवत नाही.

कलम५७

मूळ प्रश्न भरपाईचा होता, त्यावर कुणीच येईना म्हणून मी.

अमेरिकेत १९९० चा व्हिज्युअल आर्टिस्ट्स राइट्स ॲक्ट आहे. मान्यता पावलेली कलाकृती मालकाला वाटेल तेव्हा नष्ट करता येत नाही. चित्र भिंतीवरून काढता येण्यासारखं असेल तर कलाकाराला लेखी कळवून नव्वद दिवस द्यावे लागतात. इथे मालकाने कळवलंच नाही. इमारत पाडण्याची परवानगीही तेव्हा हातात नव्हती, पाडापाडी पुढच्या वर्षी झाली. न्यायाधीश ब्लॉक यांचा राग त्यावर होता: थांबला असतास, लोकांना फोटो काढू दिले असतेस, तर एवढा दंड बसला नसता. ४५ चित्रं, प्रत्येकी दीड लाख डॉलर. पिंकचं 'ग्रीन मदर अर्थ' त्यातलंच. २०२० मध्ये वरच्या कोर्टाने निकाल कायम केला, सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

"तिने आधी गाड्या रंगवल्या" हा मुद्दा कोर्टात टिकत नाही. चोराच्या घरी चोरी झाली तरी ती चोरीच.

आपल्याकडेही हा हक्क आहे, कॉपीराइट कायद्याचं कलम ५७. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने उतरवून गोदामात टाकलं, तुकडे झाले. २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तुकडे परत करायला लावले, वर पाच लाख रुपये. तेव्हा हे अमेरिकेचं फॅड नाही.

आठबावीस

चोराच्या घरी चोरी... म्हणजे बाई चोर होत्या हे वकीलसाहेबांनीच मान्य केलं. ताईंचा नवरा जिंकला. आमटी गरम करा.

कलम५७

वकीलबाई. आणि उपमा होती ती.

बोरू_शाई

भरपाईबद्दल माझं उलटंच मत आहे, ताईंना आवडणार नाही. ज्या बाईची अक्षरं पुसली जाण्यावर वाढली, तिने पुसण्याबद्दल पैसे घेणं मला खटकतं. हक्क असेल, पण खटकतं. रांगोळीवर पाय पडला म्हणून कुणी दावा लावत नाही. पुसलं जातं म्हणून तर रोज नवी निघते.

सातनंबरवाली

सर, रांगोळी आपल्या उंबऱ्यापुढे आपण काढतो आणि आपणच झाडतो. रात्रीतून शेजाऱ्याने शेण ओतलं तर आजीने काय केलं असतं ते मला चांगलं माहीत आहे.

आणि बाई म्हणून एक सांगते. मुलांच्या टोळीत शिरायला जिला भांडावं लागलं, सोळाव्या वर्षी जिने मुलींची टोळी काढली, तिने मोठेपणी स्वतःच्या कामाची किंमत लावली की लगेच आपल्याला त्याग आठवतो. ली किन्योनेसचे कॅनव्हास विकले गेले तेव्हा रांगोळी आठवली नव्हती कुणाला.

अण्णा_१९८१

पांढऱ्या रंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गाडीत होतो. डबा गच्च, पण सगळी माणसं एका बाजूला, काचेपाशी. एक शाळकरी मुलगा फोनवर फोटो काढत होता. घाईत मारलेला हात होता, खालची चित्रं पुरती गेली नव्हती. एक डोळा दिसत होता, एका नावाचं अर्धं अक्षर. पुढे पाडेपर्यंत कितीतरी महिने ते तसंच दिसत राहिलं. मला ही चित्रं कधी आवडली नव्हती, तरी मान वळायची.

कारशेडवाला

डोळा दिसत होता म्हणजे नुसता रोलर फिरवला असणार, खाली प्रायमर नाही. स्प्रेचा रंग असा दबत नाही. आमच्याकडे डबा माटुंग्याच्या वर्कशॉपात पीओएचला (ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीला) गेला की जुना रंग खरवडून, अस्तर मारून मगच वरचा हात. पुसायचं होतं तर नीट तरी पुसायचं.

बाकी माझं मत आहे तेच आहे.